पंगतीतला उपाशी पट्टा

मनकर्णाबाईंच्या हातून पंगतीत कधी कुणाचं पान कमीजास्त झालं नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. लग्न असो की तेरवी, वाढायला या म्हणून पहिला निरोप त्यांना जायचा. सरपंच असो की परगावचा वाजंत्रीवाला, वरणाची पळी तेवढीच आणि तेलाची धार तेवढीच. यामागं काही थोर विचार नव्हता. त्या नवी नवरी होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांची सासू थोरल्या जावेला वाढताना पळी तळापर्यंत बुडवायची आणि यांच्या ताटात वरचं वर पाणी सोडायची. दोघी जावा शेजारी शेजारी बसून जेवायच्या. थोरली जाऊ कधीची गेली, सासूही गेली, पण ते पाणी मनकर्णाबाईंच्या जिभेवरून काही गेलं नाही.

अशा बाईच्या घरात पिकाच्या एका पट्ट्याला खाऊ घालायचं आणि शेजारच्या पट्ट्याला उपाशी ठेवायचं, असं ठरलं. ठरवणाऱ्यांनी सगळ्यांना विचारलं. वाढणारीला तेवढं विचारायचं राहून गेलं.

घर तसं कापसाचं. बीटी बियाणं नवीन आलं तेव्हा गावातलं पहिलं पाकीट फोडलं ते उत्तमरावांनी, म्हणजे मनकर्णाबाईंच्या मालकांनी. त्या वर्षी बोंडं खरोखर लगडली. बियाणं विकणाऱ्या कंपनीचे लोक जीप घेऊन आले, उत्तमरावांना टोपी घातली, छातीइतक्या उंच झाडाजवळ उभं केलं. फोटोत बोंडं जरा कमीच दिसतात असं त्यांना वाटलं, म्हणून शेजारच्या झाडांची बोंडं तोडून फांद्यांना बांधली. बांधायला गोधडीचा दोरा मनकर्णाबाईंनीच दिला होता. पुढं तो फोटो माणसापेक्षा मोठा होऊन एस.टी. थांब्याच्या भिंतीवर लागला. टोपीतले उत्तमराव, मागं पांढरंशुभ्र वावर आणि पायाशी ‘प्रगतशील शेतकरी’ ही अक्षरं.

त्यानंतरची वर्षं कापसाला तशी मानवली नाहीत. कधी पाऊस दडी मारून बसे, कधी पानं लाल होऊन झाडं उभ्या उभ्या वाळत. ज्या अळीसाठी बीटी आणलं ती अळी गेली, आणि तिच्या रिकाम्या पाटावर रस शोषणारी बारीक कीड येऊन बसली. फवारणी होती तिथंच राहिली. आसपासच्या गावांतून ऐकू नयेत अशा बातम्या चिखलीच्या बाजारात येत, आणि बाजारातून परतलेला माणूस दोन घास कमी खात असे. उत्तमरावांनाही हे सगळं दिसत होतं. पण कापूस सोडायचा तर भिंतीवरच्या त्या माणसाचं काय करायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

फवारणी करायचा गोकुळ, त्यांचा मुलगा. पंप ओसरीत उभा असे, आणि ओसरीतच पाळणा टांगलेला. गोकुळ संध्याकाळी साबण लावून दोनदा आंघोळ करी, तरी अंगाला औषधाचा वास राहायचाच. त्याची मुलगी गुड्डी तेव्हा नुकती बसायला लागली होती. बाप हात पुढं करी आणि ती आईच्या खांद्यात तोंड खुपसून घेई.

“बापाले ओळखत नाई का व,” उत्तमराव हसत म्हणत.

गोकुळही हसे. मग ओसरीच्या पार टोकाला जाऊन बसे, जिथून वास पाळण्यापर्यंत येणार नाही. मनकर्णाबाई चुलीपाशी बसून हे बघत आणि भाकर जरा जोरानं थापत.

बोलली ती सून. अश्विनी डोणगावची, बारावी झालेली, आणि सासऱ्यांसमोर पदर सावरून पण शब्द न सावरता बोलणारी.

“विहिरीजवळच्या वावरात यंदा सोयाबीन पेरू, मामाजी. आमच्या बाबांनी कापूस कमी केला, सोयाबीन धरलं. त्याले एवढं इख लागत नाही.”

“तेल काढाचं पीक ते,” उत्तमराव म्हणाले. “आपल्या त्या वावरात कापसाबिगर काई झालं नाई आजलोक.”

“झालं नाही का पेरलं नाही?”

नेमका त्याच सुमारास जावेद गावात यायला लागला. जळगाव जामोदकडचा हा तरुण तेलबियांचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागला होता, आणि त्याच्या मोटरसायकलच्या पिशवीत मातीचे नमुने आणि जेवणाचा डबा एकत्रच असायचे. त्याचं म्हणणं असं, की बियाणं नुसतं पेरू नका, आधी त्याच्यावर प्रक्रिया करा. पुढं फुलोऱ्यात पानांवर खताचं पातळ पाणी फवारा. पिकाचा उतारा वाढतो. पण लोकांना पटायचं तर डोळ्यांनी दिसायला हवं. म्हणून अर्ध्या वावराला सगळं करायचं, आणि उरलेल्या अर्ध्याला काहीच करायचं नाही.

उत्तमरावांना ही गोष्ट अनपेक्षितपणे आवडली. पैज म्हटली की त्यांना कुठलीही गोष्ट आवडे.

“मंजूर,” ते म्हणाले. “पोळा झाला की गावातली चार मानसं येऊन पाहतीन. सूनबाईचा पट्टा सरस दिसला तं ते वावर तिचं. पुढच्या सालापासून तिनं मनाले येईन ते पेराव. नाई दिसला तं कापूस. अन् मंग या घरात कापसाच्या नावानं कोनी तोंड उघडाचं नाई.”

मनकर्णाबाईंना सून जिंकायला हवी होती. सोयाबीनवर त्यांचं काही प्रेम नव्हतं. गुड्डीनं बापाच्या हातात जावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते कुठल्या पिकानं होतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

पेरणीच्या दिवशी अश्विनीनं अंगणात निंबाखाली ताडपत्री पसरली. घमेल्यात गुळाचं पाणी करून निवत ठेवलं. गावातल्या रहेमतुल्लाभाईंच्या कृषी केंद्रातून जिवाणू खताची पाकिटं आणली होती, आतली पूड कोळशासारखी काळी. देताना रहेमतुल्लाभाई म्हणाले होते, “ताई, आजवर कीडे मारायची दवा बहुत विकली. कीडे पाळायची पहिल्यांदा विकतो हाये. उन्हात ठेवू नका बिचाऱ्यांना.”

अश्विनीनं अर्धं बियाणं ताडपत्रीवर ओतलं, त्यावर पूड कालवलेलं गुळाचं पाणी शिंपडून हलक्या हातानं चोळायला घेतलं. मनकर्णाबाई शेजारी येऊन बसल्या.

“गूळ काऊन व?”

“चिकटलं पाहिजे म्हणून, आत्याबाई. यात जिवाणू हायेत. ते झाडाच्या मुळाले गाठी करून राहतात, अन् हवेतलं खत झाडाले देतात.”

“म्हन्जे पाहुन्याहिले गूळपानी देऊन वावरात न्याचं, अन् मंग त्याहिनं आपल्याले खाऊ घालाचं.”

“हाव, तसंच समजा.”

“अन् त्या पोत्याले?” त्यांनी भिंतीशी टेकलेल्या दुसऱ्या पोत्याकडं बोट केलं.

“त्याले काही नाही. ते तसंच पेराचं.”

“काऊन? त्यानं काय केलं?”

“त्यानं काही नाही केलं, आत्याबाई. तुलना कराले पाहिजे ना एक.”

दोघींना शेजारी शेजारी बसवून केलेली तुलना मनकर्णाबाईंना चांगली माहीत होती. 

तेवढ्यात घरात गुड्डी रडली आणि अश्विनी हात धुऊन तिला पाजायला आत गेली. अंगणात मनकर्णाबाई, भिंतीशी टेकलेलं पोतं आणि ते घमेलं एवढीच मंडळी राहिली. घमेल्याच्या तळाला काळं, गोड पाणी बरंच उरलं होतं. त्यांनी ते नालीत ओतायला उचललं आणि तसंच खाली ठेवलं. सुनेनं सांगितलं होतं, यात जिवंत पाहुणे आहेत. गूळपाणी घेऊन बसलेल्या पाहुण्याला नालीत ओतायचं, हे काही त्यांच्या मनाला येईना. भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं वाटी पुसून घ्यावी तसं त्यांनी दुसऱ्या पोत्यातलं बियाणं ओंजळी-ओंजळीनं घमेल्यात फिरवलं, सावलीत जरा सुकवलं आणि पोत्याचं तोंड बांधून टाकलं. वावरात पेरताना तिफणीमागं चाड्यावर बियाण्याची मूठ सोडायला त्याच होत्या, त्यामुळं ते बियाणं थोडं सावळं झालंय हे बघायला दुसरं कुणी जवळ आलंच नाही.

दोन्ही पट्टे उगवले. जावेदनं पत्र्याच्या दोन पाट्या रोवल्या. एकीवर ‘प्रक्रिया केलेले’, दुसरीवर ‘प्रक्रिया न केलेले’. दोन्ही सारखेच हिरवे दिसत होते. “पाऊस चांगला आहे म्हणून असेल, काकू,” जावेद म्हणाला, “खरा फरक फुलोऱ्यानंतर दिसेल.” मनकर्णाबाईंनी मान डोलावली. त्यांच्या मते फरक न दिसणं हीच चांगली गोष्ट होती.

फुलं लागली तेव्हा पानांवर फवारायची वेळ आली. अश्विनीनं विषाचा पंप वावरात येऊ दिला नाही. जावेदकडून दुसरा मागवला, आणि यूरिया मापानं मोजून पाण्यात विरघळवला. उत्तमराव धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे होते.

“पान जेवते हे आज आयकलं,” ते म्हणाले. “तोंड सोडून पाठीले भाकर चोपडून राह्यला का बे, गोकुळ?”

उत्तर अश्विनीनं दिलं. “मामाजी, गुड्डीच्या पाठीले आपण तेल लावतो. ते जिरते का नाही?”

उत्तमरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मनकर्णाबाईंच्या मनात मात्र ते वाक्य जाऊन बसलं. संध्याकाळी त्या वावरातून निघाल्या तेव्हा एका पट्ट्याची पानं ओली चमकत होती, आणि दुसऱ्या पट्ट्याची कोरडी. मधे फक्त एक पाऊलवाट. कोरडी पानं वाऱ्यानं हलत होती, आणि मनकर्णाबाईंना ती शेजारच्या ताटात डोकावून बघितल्यासारखी वाटली. घरी येऊन त्यांनी भाकर मोडली, पण घास काही उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धारा काढायच्या आधी, त्या बादली घेऊन वावरात गेल्या. बादलीत पाणी, पाण्यात चिमूटभर यूरिया, हातात निंबाची डहाळी. पंप त्यांच्यानं उचलवत नव्हता, आणि चालवता तर येतच नव्हता. पहिल्यांदा जेवणाऱ्याला पातळच द्यावं, या हिशेबानं त्यांनी पाणी अगदी पातळ ठेवलं होतं. डहाळी बुडवून बुडवून त्यांनी पट्टाभर शिंपडलं, देवळातलं तीर्थ शिंपडावं तसं. परत येताना मात्र त्यांना चुटपुट लागली. एवढं पातळ म्हणजे वरचं वर पाणीच की. 

म्हणून त्या पुन्हा गेल्या. आणि पुन्हा. पुढं ते अंगवळणीच पडलं. कधी हातासरशी तण उपटत, कधी पानावरची अळी वेचून पाण्यात टाकत, आणि एकदा ताक उरलं होतं तर तेही पाण्यात मोडून शिंपडून आल्या. पलीकडच्या पट्ट्याला सुनेनं सांगितल्याबरहुकूम मिळत होतं, म्हणजे मापानं आणि ठरल्या वेळी. या पट्ट्याला आजी मिळाली होती.

एका सकाळी धुऱ्यापलीकडं कुणी खाकरलं. उत्तमराव लोटा घेऊन उभे होते. त्यांनी बादली पाहिली, डहाळी पाहिली, पाटीकडं पाहिलं. मग आले तसे वळले आणि गेले.

त्या दिवसापासून उत्तमरावांना काय झालं कुणास ठाऊक. चहा घेताना, “तू घेतला का?” असं विचारायला लागले. असं त्यांनी लग्नानंतर कधी विचारलेलं मनकर्णाबाईंना आठवत नव्हतं. चिखलीहून येताना जिलबीची पुडी आणली आणि ती पोराच्या नाही, बायकोच्या हातात दिली. मनकर्णाबाईंनी जिलबी सगळ्यांना सारखी वाटली आणि मनाशी म्हटलं, सोयाबीन खरंच चांगलं पीक दिसतं.

पोळा झाला आणि शिवारफेरीचा दिवस आला. धुऱ्यावर बरीच माणसं जमली. पुढं शंकरराव, ज्यांचं वावर अगदी शेजारी होतं. रहेमतुल्लाभाई दुकानाचं शटर ओढून आले होते. बायांमध्ये गोजरबाई होती, जिला गावातली कुठलीच गोष्ट चुकवायची नसे. अश्विनी गुड्डीला कडेवर घेऊन पाटीजवळ उभी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं मनकर्णाबाईंना लांबून दिसत होतं.

“पाट्या वाचू नका,” जावेद उत्साहानं म्हणाला. “आधी नुसतं पिकाकडं बघा आणि सांगा, कुठला पट्टा सरस?”

शंकररावांनी दोन्ही पट्टे डोळ्यांखालून घातले आणि हात वर केला. गोजरबाईनं केला. बाकीच्यांनीही केला. सगळे हात एकाच दिशेला वळले होते. तो पट्टा दाट होता, गर्द होता, तणाची एक काडी त्यात नव्हती, आणि त्याच्या डोक्यावर पाटी होती, ‘प्रक्रिया न केलेले’.

सगळे एकदम बोलायला लागले. उत्तमरावांनी टोपी जरा तिरकी केली.

जावेदचा चेहरा उतरला. त्यानं वाकून त्या पट्ट्यातलं एक झाड मुळासकट उपटलं. “वरून काही दिसो, मुळं खोटं बोलत नाहीत,” तो म्हणाला. “या वावरात आधी कधी सोयाबीन नव्हतं. म्हणजे प्रक्रिया केली नसेल तर मुळांना गाठी जवळजवळ…” एवढं बोलून तो थांबला. मुळांना गाठी होत्या. मण्यांची माळ ओवावी तशा होत्या. त्यानं दुसऱ्या पट्ट्यातलं झाड उपटलं. तिथंही तशाच. “काका, इथं पूर्वी खरंच कधी सोयाबीन पेरलं नव्हतं?”

“माया बापानंई नाई,” उत्तमराव म्हणाले.

“दोन्हीकडं गाठी हायेत म्हन्जे रोगच हाये काई तरी,” शंकरराव म्हणाले. “पन इकडच्यानं तो पचवला. बिनखताचं झाड कट्टर निघते.”

लोकांनी माना हलवल्या. मनकर्णाबाईंनी अश्विनीकडं पाहिलं. ती पाटीकडं बघत नव्हती, पिकाकडंही नाही. गोकुळ थोडा लांब उभा होता, नेहमीसारखा, आणि ती त्याच्याकडं बघत होती. मनकर्णाबाई पुरुषांच्या घोळक्यात कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि बोलल्या.

“तो पट्टा उपाशी नव्हता. मी खाऊ घातलं त्याले.”

सगळे वळले.

“बियाण्याले काळं मीच लावलं, घमेल्यात उरलं होतं ते. अन् खताचं पानी मी शिंपडून राह्यली होती सकायी सकायी. निंबाच्या डहायीनं.”

गोजरबाईनं डोळ्यांना पदर लावला. “अशी सासू मले भेटली असती तं मी कायले अशी राह्यली असती,” ती म्हणाली. “सुनेची लाज राखाले पाहा कशी आळ घेऊन राह्यली आपल्यावर.”

“आळ नाई व, खरंच सांगून राह्यली मी.”

“खरंच असन मनकर्णाबाई,” शंकरराव मायेनं म्हणाले, म्हणजे खरं नाही असं.

“सुनेसाठी एवढं झूठ बोलणं म्हणजे सवाबाचं, पुण्याचं काम हाये,” रहेमतुल्लाभाई म्हणाले आणि त्यांचाही आवाज भरून आला.

मनकर्णाबाई गांगरल्या. आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत खरं बोलल्या, तर लोक त्यांच्या खोटेपणाचं कौतुक करत होते. “गोकुळच्या बाबाहिले इचारा,” त्या शेवटी म्हणाल्या. “त्याहिनं पाह्यलं मले.”

आता सगळे उत्तमरावांकडं वळले. उत्तमरावांनी बायकोकडं पाहिलं, मग सोयाबीनकडं पाहिलं, मग टोपी काढून झटकली आणि परत घातली.

“मी काई पाह्यलं नाई,” ते म्हणाले.

दुपारी घरी पंगत बसली. उत्तमराव, गोकुळ आणि पाहुणा म्हणून जावेद. जावेद नको म्हणत होता, पण मनकर्णाबाईंच्या घरून कुणी उपाशी जात नसे. अश्विनी आत गुड्डीला थोपटत होती. मनकर्णाबाई वाढायला आल्या. जावेदच्या ताटात भाकर, वरण, चुक्याची भाजी, ठेचा आणि वरून तेलाची धार. गोकुळच्या ताटात तेवढंच, त्याच क्रमानं. उत्तमरावांच्या ताटात एक कोरडी भाकर. मग त्या उठून चुलीपाशी गेल्या.

उत्तमराव थोडा वेळ थांबले. काही येत नाही असं बघून म्हणाले, “हे काय हाये?”

“तुलना कराले,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “दोन पानं प्रक्रिया केलेले. एक न केलेलं. पोळ्यापासून पोळ्यापर्यंत पाहू, कोन सरस दिसते.”

जावेदचा घास हातातच राहिला. गोकुळनं हळूच आपली वरणाची वाटी बापाकडं सरकवली.

“गोकुळ, हात आवर. उपाशी पट्ट्याले कोनी चोरून द्याचं नाई, असं ठरलं होतं ना? मोडलं मी एकटीनं. आता तू नको मोडू.”

उत्तमरावांनी कोरड्या भाकरीचा एक तुकडा मोडला, चावला, पाण्याबरोबर गिळला. दुसरा मोडून तसाच ठेवला. “पाह्यलं होतं मी,” ते ताटाकडं बघून म्हणाले.

“मले ठाऊक हाये.”

“मले वाटलं…” ते जावेदसमोर अडखळले, आणि मग बोललेच. “मले वाटलं तू मायासाठी करून राह्यली. माया पट्टा जिंकाव म्हनून. त्या भिंतीवरच्या फोटोले सारं गाव हासते. बोंडाले दोरा बांधला होता म्हन्ते. मले वाटलं, चला, घरातलं एक मानूस तं हाये आपल्या बाजूनं. मंग तुले कसं उघडं पाडू?”

चुलीवर दूध वर आलं. मनकर्णाबाईंनी ते उतरवून ठेवलं. चहाची विचारपूस आणि ती जिलबी आता त्यांच्या ध्यानात येत होती, आणि त्यांना हसावं की रडावं ते कळेना.

“मी कोनाच्याच बाजूनं नवती,” त्या म्हणाल्या, जरा मऊ आवाजात. “ते उपाशी होतं.”

उत्तमरावांनी मान हलवली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना हे आधीच कळायला हवं होतं. “वरन वाढ,” ते म्हणाले.

“वावर कोनाचं?”

“सुनेचं.”

मनकर्णाबाई उठल्या, पळी घेतली आणि त्यांच्या वाटीत वरण घातलं. उत्तमरावांनी वाटी हलवून पाहिली. “हे तं वरचं पानी हाये.”

“गावात सांगून आले की तळातलं.”

आत अश्विनीच्या थोपटण्याचा आवाज थांबला होता. जावेद ताटावर वाकून खोकला, पण त्याला ठसका लागला नव्हता हे गोकुळला दिसलं.

उत्तमराव खरोखर सांगायला गेले. एस.टी. थांब्यावर, स्वतःच्याच फोटोखाली उभं राहून त्यांनी सांगितलं, की पट्टा उपाशी नव्हता, माझ्या बायकोनं त्याला चारलं आणि मी पाहिलं. लोकांनी ऐकून घेतलं. मग शंकरराव इतरांना म्हणाले, “बिचाऱ्याले घरात रोजचं राहाचं हाये.” घरी आल्यावर उत्तमरावांना तळातलं वरण मिळालं, कारण त्यांनी सांगितलं होतं. कुणी मानलं नाही, हा काही त्यांचा दोष नव्हता.

पुढच्या साली गावात बऱ्याच जणांनी सोयाबीन पेरलं. काहीच केलं नाही तर सरस येतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बियाणं पोत्यातून थेट चाड्यात, आणि फवारणी तर नाहीच. गावात याला ‘उत्तमरावाची पद्धत’ म्हणत. रहेमतुल्लाभाईंची काळी पाकिटं तशीच पडून राहिली. शंकररावांचं सोयाबीन पिवळट आणि विरळ आलं तेव्हा त्यांनी ते बियाण्यावर ढकललं. “उत्तमरावाची पद्धत नीट पाळली होती मी,” असं ते ज्याला त्याला सांगत, “एक दाना खत दिलं नाई.” पत्र्याच्या पाट्या जावेद काढून घेऊन गेला होता.

विहिरीजवळच्या वावरात मात्र अश्विनीनं सगळं बियाणं काळं केलं. जावेद पेरणीला आला होता. “काकू,” त्यानं भीत भीत विचारलं, “एका कोपऱ्यात दोन ओळी तशाच ठेवू का? लोकांना दाखवायला?”

“शेजारी शंकररावाचं वावर हाये,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “तुलना तठी करा. माया पंगतीत नाई.”

फुलोरा आला. गोकुळ सकाळपासून पानांना खत फवारत होता. दुपारी तो भिजून घरी आला, खताचा तो बिनविषाचा पंप ओसरीत ठेवला आणि सवयीनं पार टोकाला जाऊन बसला. हात पुढं करायचं तर त्यानं कधीच सोडून दिलं होतं. गुड्डी आता चालायला लागली होती. ती भिंतीला धरून पंपापर्यंत आली, पंपाला हात लावून पाहिला, मग भिंत सोडली आणि ओसरी ओलांडून बापापाशी गेली. त्याच्या ओल्या सदऱ्याला नाक लावलं. तिथंच उभी राहिली. मग त्याच्या मांडीवर चढायला लागली, आणि गोकुळला हात कुठं ठेवावेत ते सुचेना.

अश्विनीनं हातातलं निवडायचं सूप खाली ठेवलं.

मनकर्णाबाई वाढत होत्या. त्यांनी गोकुळच्या ताटात तेलाची धार जरा जास्त सोडली. हात थांबला. मग त्यांनी उत्तमरावांच्या ताटात तेवढीच जास्त सोडली, सुनेच्या ताटात तेवढीच, आणि शेवटी स्वतःच्याही.